सॉलिसिटरांनी पाठ फिरवलेला बॅरिस्टर

संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाणारे नरसी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. कयाधूकाठच्या कष्टकऱ्यांचा शेतसारा त्याच्याच तिजोरीत जात असे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद शरण आले आणि तीनच दिवसांनी त्या राज्याचे सुमारे १० लाख पौंड लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर वळवले गेले. आपल्या परवानगीविना हे घडले, असे निजामाने बँकेला कळवले. हा पैसा कुणाचा, याचा निकाल लंडनच्या कोर्टात लागायला २०१९ उजाडले. तोवर त्याचे साडेतीन कोटी पौंड झाले होते!

अशा दाव्यात नाव बॅरिस्टरचे होते. पण पैशाचा माग काढणारा, कागद जमवणारा आणि ब्रीफ कुणाला द्यायचे हे ठरवणारा असतो सॉलिसिटर. हीच विलायती पद्धत मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर होती आणि मोठे व्यापारी दावे तिथेच चालत. चावी सॉलिसिटरच्या खिशात! निजामाचा पैसा लंडनमध्ये फिरला तेव्हा देशाचे कायदामंत्री असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना याच चावीने पंचवीस वर्षे आधी कोणता अनुभव दिला, हे समाजबांधवांनी समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

१९१६ मध्ये बाबासाहेब ग्रेज इनमध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला, १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले, १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये मुंबईत आले. सनद घ्यायलाही हातात पैसा नव्हता. नवल भथेना हा पारशी मित्र धावून आला, म्हणून वकिली सुरू झाली.

त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये निघाला. १९२५ मध्ये चलनविषयक रॉयल कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. हुंडणावळ आणि सोन्या-चांदीचे व्यवहार इतके खोलवर जाणणारे त्या काळी मुंबईच्या बारमध्ये किती होते? व्यापारी दाव्यांना असाच माणूस हवा होता. पण अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते. परळच्या चाळीत संसार, दामोदर हॉलमध्ये कचेरी आणि जिल्हा कोर्टांतून मिळतील ते खटले, अशी ही बॅरिस्टरी होती. घर चालावे म्हणून १९२५ पासून ते बाटलीबॉयांच्या अकाउंटन्सी संस्थेत शिकवू लागले. विषय कोणता? व्यापारी कायदा! ज्या कायद्याचे दावे त्यांना मिळू दिले नाहीत, तोच कायदा ते दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत होते.

पुढे १९२६ मध्ये पुण्याच्या सेशन कोर्टात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील बदनामीच्या खटल्यात त्यांनी जेधे-जवळकरांना सोडवून आणले आणि वकील म्हणून नाव झाले. १९३५ मध्ये ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. सॉलिसिटरांची ती दुहेरी पद्धत कायद्याने गेली १९७७ मध्ये. पण बड्या कंपन्यांचे दावे कोणाकडे जातात, हे आजही बहुतेक ओळखीपाळखीवर ठरते. हिंगोलीकडून काळा कोट घालून मुंबईला गेलेल्या आमच्या पोरांना विचारा.

हायकोर्टाच्या बड्या दाव्यांपासून दूर ठेवलेल्या या माणसाला एका दिवाणी दाव्यात मात्र स्पृश्यांनी स्वतःच ओढले, तेही प्रतिवादी म्हणून. महाडचे चवदार तळे खासगी आहे, अस्पृश्यांना तिथे मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून आहे, असा दावा डिसेंबर १९२७ मध्ये दाखल झाला. मालकीचा कांगावा करून पाणी बळकावण्याचाच हा डाव होता, असे आम्ही म्हणतो. महाडच्या कोर्टात १९३१ मध्ये आणि ठाण्याच्या कोर्टात १९३३ मध्ये वादी हरले. तरीही ते मुंबई हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने अशी रूढी सिद्ध होत नसल्याचे सांगून त्यांचे अपील फेटाळले.