४२.३४ मीटरवरच्या उषाबेन

नाशकात मित्राच्या गच्चीवर आम्ही चाळीस मीटर बँडसाठी डायपोल ताणला. १४३ भागिले मेगाहर्ट्झ या हिशेबाने सव्वावीस मीटर घरगुती वायर, टोकांना नायलॉनची दोरी. ७.१ ला एसडब्ल्यूआर तीनच्या खाली येईना! ६.९ ला मात्र छान उतरायचा. म्हणजे वायर लांब. दोन्हीकडून थोडी थोडी कापत शेवटी तीस-तीस सेंटीमीटर गेली, तेव्हा कुठे काटा बसला. त्यात अख्खा रविवार गेला. आणि त्याच बँडवर पकडले जायची टांगती तलवार घेऊन बोलणारी एक मुलगी मला आठवली.

उषा मेहता. जन्म २५ मार्च १९२०, सुरतजवळच्या सरस गावी. वडील ब्रिटिश सरकारचे न्यायाधीश. आठ वर्षांच्या असताना सायमनविरोधी मोर्चात त्या घोषणा देत होत्या, आता बोला! १९४२ च्या ऑगस्टमध्ये पुढारी तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. तेव्हा मुंबईत शिकणाऱ्या बावीस वर्षांच्या उषाबेननी शिक्षण सोडलं आणि बाबूभाई खाखर, विठ्ठलदास व चंद्रकांत झवेरी यांच्यासोबत गुप्त काँग्रेस रेडिओ उभा केला. तरंगलांबी ४२.३४ मीटर, म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. सामान व तंत्रज्ञ शिकागो रेडिओच्या नानिक मोटवाने यांच्याकडून आले. (याच मोटवानेंचा कारखाना पुढे आपल्या नाशिकरोडला आला.) राममनोहर लोहियांची भाषणं, चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आपल्या चिमूर-आष्टीतले अत्याचार, हे सगळं त्यावरून लोकांना कळलं.

पोलिसांच्या गाड्या सिग्नल हुडकत फिरायच्या, म्हणून जागा सारख्या बदलाव्या लागत. आम्ही एकदा ताणलेला अँटेना पुन्हा उतरवायला कंटाळलो होतो! पण घात गाड्यांनी नाही केला. ट्रान्समीटर बांधणारा तंत्रज्ञच फुटला. १२ नोव्हेंबर १९४२ ला दुपारी बाबूभाईंच्या ऑफिसवर धाड पडली. उषाबेनना हे कळलं होतं, घरी बसता आलं असतं. तरी त्या संध्याकाळी महालक्ष्मी मंदिराजवळच्या ठिकाणी गेल्याच. दार फोडून पोलीस आत शिरले तेव्हा वंदे मातरमची रेकॉर्ड चालू होती. बंद करा म्हटल्यावर त्यांनी ती बंद केली नाही.

मला खरं नवल पुढच्या सहा महिन्यांचं वाटतं. एकटीला कोठडीत ठेवून चौकशी चालली. साथीदारांची नावं सांगितली तर परदेशी शिक्षणाचं आमिषही होतं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. कोर्टात तर उत्तर देणं बंधनकारक आहे का एवढं विचारलं, आणि नाही म्हटल्यावर गप्प राहिल्या! मोटवाने व विठ्ठलदास सुटले, बाबूभाईंना पाच वर्षं, उषाबेनना चार वर्षं सक्तमजुरी. येरवड्याहून १९४६ ला सुटल्या त्या खालावलेली तब्येत घेऊनच.

पुढे पीएच.डी. केली, १९८० पर्यंत प्राध्यापकी केली, १९९८ ला पद्मविभूषण मिळालं. ९ ऑगस्ट २००० ला अंगात ताप असतानाही त्या ऑगस्ट क्रांती मैदानावर गेल्या. ११ तारखेला त्या वारल्या.