वसईचे संत गोन्सालो गार्सिया व त्यांचा ईश्वरावरील भरवसा

आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या अंकात एखाद्या संताचे चरित्र असावे, अशी मंडळींची इच्छा होती व ते लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. कोणाचे चरित्र लिहावे याचा विचार करीत असता गेल्या पावसाळ्यातील एक प्रसंग आम्हांस आठवला. धर्मग्रामातील एका घरी आम्ही आजाऱ्यास ख्रिस्तप्रसाद देण्यास गेलो होतो. निघताना त्या घरच्या माउलीने आम्हांस दारापर्यंत पोहोचविले आणि हलक्या आवाजात विचारले, की सात वर्षे आपण नेमाने रोझरी म्हणत आहोत, देवाने तर हाक ऐकण्याचे वचन दिले आहे, मग तो आपलीच हाक का ऐकत नाही? त्या वेळी आम्ही जे उत्तर दिले त्याने तिचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही. पुढील चरित्र लिहिताना ती माउली आमच्या नजरेसमोर आहे.

महाराष्ट्राच्या भूमीत जन्म घेऊन संतपदास पोहोचलेले गोन्सालो गार्सिया यांचे नाव आपणांपैकी बहुतेकांनी ऐकलेले असेल. त्यांचे क्रूसावरील मरण आपणांस ठाऊक असते. परंतु त्यापूर्वी त्यांनी किती वर्षे वाट पाहिली, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. सेमिनरीत असताना आम्हीही त्यांचे चरित्र वाचले होते. तरुणपणी आम्ही मधली पाने भराभर उलटून शेवटच्या टेकडीपाशी पोहोचलो. आता पन्नाशी उलटल्यावर मधली पानेच आम्हांस अधिक बोलकी वाटतात.

१५३४ साली वसई गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे आली व तेथे किल्ला, मठ आणि देवळे उभी राहिली. त्या वसईत इ. स. १५५७ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज आणि आई वसईकडचीच होती. येशूसंघाच्या धर्मगुरूंनी वसईत शाळा चालविली होती. तेथे त्यांचे शिक्षण झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४९ साली जपानात सुवार्तेचा आरंभ केला होता. त्यांच्या मागोमाग जपानला जाणाऱ्या येशूसंघीयांबरोबर गोन्सालो सुमारे १५ वर्षांचे असताना निघाले. ज्या वयात आपली मुले शाळेची परीक्षा देतात त्या वयात या मुलाने घर, भाषा व देश मागे टाकला.

जपानात त्यांनी तेथील भाषा उत्तम आत्मसात केली. सुमारे ८ वर्षे ते धर्मशिक्षक म्हणून राबले. मुलांना प्रश्नोत्तरी शिकवावी, नव्याने येणाऱ्यांस बाप्तिस्म्यासाठी तयार करावे, धर्मगुरूंचे बोलणे लोकांस समजावून द्यावे, असे ते काम होते. त्यांच्या मनात एकच इच्छा होती. ज्या संघाच्या छायेत आपण वाढलो त्या येशूसंघात आपणांस घ्यावे, अशी त्यांची विनंती होती. वर्षामागून वर्षे गेली, परंतु त्यांस संघात घेण्यात आले नाही. वरिष्ठांची कारणे काहीही असोत. ज्या दारासाठी त्यांनी घर सोडले होते ते दार उघडले नाही, एवढे खरे.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. कोणी वाईट मार्गाने जाऊन निराश झाला तर त्याचे कारण आपणांस दिसते. पण येथे मागणे चांगले होते, हेतू शुद्ध होता, सेवा घडत होती आणि तरीही उत्तर मिळाले नाही. विश्वासाची खरी कसोटी अशाच वेळी लागते. देव नाही असे म्हणणाऱ्याशी वाद घालता येतो. परंतु देव आहे आणि तो गप्प आहे, असे ज्यास वाटते त्याची व्यथा वेगळी असते. आब्राहामाने पुत्राच्या वचनाची २५ वर्षे वाट पाहिली. मध्यंतरी त्याच्या घरात हसणेही झाले, आपल्या युक्तीने मार्ग काढण्याचा यत्नही झाला. पवित्र शास्त्राने ते झाकून ठेविले नाही. शंका आलेल्या माणसास देवाने टाकून दिले नाही, हे कळावे म्हणूनच ते तेथे लिहिले गेले असावे.

गोन्सालो यांनी धर्मशिक्षकाचे काम सोडले व ते व्यापारात पडले. पूर्वेकडील बंदरांत त्यांची ये-जा सुरू झाली आणि धंद्यात त्यांस चांगले यशही आले. पाहणाऱ्यास वाटले असते, की या तरुणाची हाक विझली. ज्यास भाषा अवगत, बंदरे ओळखीची आणि पैसा हाताशी, त्यास देवळाचा उंबरठा पुन्हा ओलांडण्याचे काय कारण? पण व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपीन बेटांतील मनिला शहरी गेले व तेथे त्यांचा संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या संघातील साधूंशी संबंध आला. या संघाने त्यांस आत घेतले. वयाच्या तिशीत सर्व कमाई सोडून ते धर्मबंधू झाले. धर्मबंधूस याजकपद नसते. स्वयंपाक, झाडलोट, आजाऱ्यांची सेवा असे काम त्याच्या वाट्यास येते. त्यांनी मागितले होते एक आणि मिळाले दुसरे. तेही उशिरा आणि खालच्या पायरीवर.

यानंतर मात्र देवाची योजना हळूहळू उघड होऊ लागली. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५८७ साली परदेशी धर्मगुरूंस देश सोडण्याचा हुकूम काढला होता. १५९३ साली फिलिपीनच्या गव्हर्नराने फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील म्हणून त्याच्याकडे पाठविले. फादरांस जपानी येत नव्हते. हिदेयोशीच्या दरबारात त्यांचे म्हणणे मांडण्यास बंधू गोन्सालो दुभाषी म्हणून बरोबर गेले. ज्या आठ वर्षांच्या शेवटी त्यांच्या हाती काहीच लागले नाही असे दिसत होते, त्याच वर्षांत कमावलेली भाषा आता कामास आली. पुढे क्योटो शहरात या साधूंस राहण्यास परवानगी मिळाली. त्यांनी तेथे देऊळ बांधले व महारोग्यांसाठी दवाखाने काढले. ज्यांस स्वतःच्या घरचे लोकही शिवत नसत, त्यांच्या जखमा धुण्याचे काम तेथे चाले.

१५९६ साली सान फेलिपे नावाचे स्पेनचे जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्यास लागले. त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला, त्यातून तंटा माजला आणि हे धर्मगुरू म्हणजे स्पेनच्या राजाची आघाडी आहे, असा संशय हिदेयोशीच्या मनात दृढ झाला. डिसेंबरात साधूंच्या घराभोवती पहारे बसले. १५९७ च्या जानेवारीत क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला व त्यांस गाड्यांत घालून शहरभर फिरविण्यात आले. नंतर भर थंडीत त्यांस नागासाकीकडे चालविले. हा प्रवास जवळजवळ महिनाभर चालला. आरंभी ते २४ होते. त्यांची सेवा करण्यासाठी मागोमाग चालणाऱ्या दोघा ख्रिस्ती माणसांसही पहारेकऱ्यांनी धरले आणि संख्या २६ झाली.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीजवळील निशिझाका टेकडीवर २६ क्रूस उभे राहिले. त्यांत ६ फ्रान्सिस्कन होते, ३ येशूसंघीय होते आणि १७ जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुई हा १२ वर्षांचा मुलगा होता. गोन्सालो यांस प्रथम क्रूसावर चढविले, अशी परंपरा आहे. कैद्यांस दोर व लोखंडी कड्यांनी क्रूसास बांधले व भाल्यांनी त्यांचा अंत केला. ज्या येशूसंघाच्या दाराबाहेर गोन्सालो इतकी वर्षे उभे होते, त्या संघाचे पाउलो मिकी व त्यांचे दोन सोबती त्याच टेकडीवर, त्याच रांगेत होते. दार उघडले ते असे.

परंतु चरित्र येथे संपवले तर मोठा प्रश्न तसाच राहील. ते मेले, मग देवाचे वचन कोठे राहिले? डोळ्यांस तर उलटेच दिसत होते. १६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मास बंदी झाली. देवळे पाडली गेली, धर्मगुरू हाकलले वा मारले गेले आणि दोनशेहून अधिक वर्षे त्या देशात मिस्सा अर्पण करण्यास धर्मगुरू उरला नाही. इकडे वसईचा किल्ला १७३९ साली मराठ्यांनी जिंकला आणि जेथे गोन्सालो खेळले असतील तेथील मोठी देवळे ओस पडली. जपानातले पीक कापून नेले आणि वसईतले घरही रिकामे झाले, असेच त्या काळच्या माणसास वाटले असते.

१६२७ साली आठवे अर्बन पोप यांनी या २६ जणांस धन्य म्हणून घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी नववे पायस पोप यांनी त्यांस संतांच्या यादीत घेतले. त्या दिवशी जपानात ख्रिस्ती धर्मास बंदीच होती. पुढे नागासाकीत परदेशी लोकांसाठी ओउरा येथे एक देऊळ बांधले गेले व ते याच २६ संतांच्या नावे अर्पण झाले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही गरीब स्त्रीपुरुष तेथे आले आणि फादर पेतिजाँ यांस त्यांनी हळूच पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. ते ख्रिस्ती होते! धर्मगुरू नाही, पुस्तक नाही, देऊळ नाही. तरी आईबापांनी मुलांस बाप्तिस्मा देऊन व प्रार्थना तोंडपाठ करवून सात पिढ्या विश्वास जपला होता. त्यानंतरही त्यांस हद्दपारी सोसावी लागली. १८७३ साली बंदी उठली. आज निशिझाका टेकडीवर या २६ जणांचे स्मारक आहे आणि वसईत गास गावी संत गोन्सालो यांच्या नावाचे देऊळ आहे.

उराकामीच्या त्या आयांनी आपल्या हयातीत धर्मगुरू पाहिला नाही. देवाचे वचन त्यांच्या नातवंडांच्या नातवंडांनी पाहिले. म्हणून त्यांची प्रार्थना ऐकली गेली नाही, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

नागपूरच्या आपणांस हे समजण्यास दूर जावयास नको. १९ व्या शतकाच्या मध्यास सेव्हॉय प्रांतातून संत फ्रान्सिस द सेल्स यांचे मिशनरी या उष्ण मुलखात आले. नागपूरची बिशपगादी १८८७ साली स्थापन झाली व १९५३ साली ती महाधर्मप्रांत झाली. पहिल्या मिशनऱ्यांपैकी कित्येकांनी यांतले काहीच पाहिले नाही. आज ज्युबिलीच्या दिवशी आपण ज्या बाकांवर बसतो, ती त्यांच्या वाट पाहण्यावर उभी आहेत.

आता त्या माउलीस आमचे उत्तर. आजारी मनुष्य बरा होईलच, असे वचन आम्ही देऊ शकत नाही. देवानेही तसे दिलेले नाही. गोन्सालो यांस मागितलेले मिळाले नाही. देवाचे वचन हे, की तो आपणांस एकटे टाकणार नाही व त्याच्यासाठी सोसलेले काहीही वाया जाऊ देणार नाही. शंका मनात आली तर ती लपवू नये. ती घेऊनच गुडघे टेकावे. सात वर्षांच्या त्या रोझरीत एक मणीही हरवलेला नाही. रात्री ती रोझरी हाती घेताना तिला कळावे, की ती म्हणणारी ती एकटी नाही. ज्युबिलीच्या या वर्षी आम्ही सर्व तिच्याबरोबर आहोत. संत गोन्सालो, वाट पाहणाऱ्या आम्हां सर्वांसाठी विनंती करा. आमेन.