जोतीरावांचा हौद

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे, असे संपादिकाबाईंनी सुचविले. मी महात्मा जोतीराव फुल्यांचे नाव घेतले. मुलींच्या शाळेची हकीकत आपणा सर्व भगिनींना ठाऊकच आहे. पण पाण्याविषयी त्यांनी केलेला विचार फारसा कोणी सांगत नाही.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा, माळ्याच्या घरातला. १८४० मध्ये सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला. १८४८ साली त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि त्यापायी पुढच्याच वर्षी दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले.

त्या काळी अस्पृश्य मानलेल्या बायाबापड्यांना सार्वजनिक पाणवठ्याला हात लावण्याची बंदी होती. कोणी वरून ओतील तेव्हा घागर भरायची. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद या सर्वांना खुला केला. जवळच्यांचा रोष पत्करला, पण हौद बंद केला नाही. पाणी भरण्याचे काम बायकांचेच. तेव्हा त्या दिवशी किती जणींच्या जिवाला गारवा वाटला असेल!

१८७६ पासून १८८२ पर्यंत ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्याच सुमारास मोठा दुष्काळ पडला. तेव्हा उपाशी मुलांना जेवू घालण्याच्या कामी हे दांपत्य झटले. पुढे १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात त्यांनी सुचविले की, जागोजाग बंधारे घालावेत, म्हणजे वळवाचे पाणी आधी शेतात मुरेल आणि मग नदीनाल्याला जाईल. तळी बांधावीत, म्हणजे खालच्या विहिरींना भर उन्हाळ्यातही पाणी राहील. आणि धरणाचे पाणी देताना प्रत्येकाला तोटी बसवून द्यावी, म्हणजे गरजेपेक्षा अधिक कोणाला घेता येणार नाही. १८९० साली ते वारले.

हे वाचताना मी मनात खजील झाले. दोन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीची कूपनलिका आटली. दुसरी अधिक खोल घेण्याचे ठरले, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होते. आमच्या टाकीत पाणी आले. पण त्या उन्हाळ्यात मागच्या चाळीतला हातपंप कोरडा पडला. आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाई तिथेच राहतात. आमची कामे उरकून त्या टँकरच्या रांगेत उभ्या राहत. त्यांनी कधी तोंडाने काही म्हटले नाही, हेच मला अधिक लागले. जमिनीखालचा हौद एकच असतो. ज्याची नळी खोल त्याला पाणी, अशी रीत पडली की तो हौद इतरांना बंदच झाला म्हणायचा.

भगिनींनो, वर्धापनदिनी आपण हळदीकुंकू करू, गाणी म्हणू. त्याबरोबर माझी एक सूचना आहे. मंडळाच्या पत्र्यावरचे पावसाचे पाणी गाळून मागच्या जुन्या विहिरीत सोडावे. आपल्या इमारतींनी पंप चालविण्याच्या वेळा बांधून घ्याव्यात. आणि हे ठरविण्याच्या सभेला चाळीतल्या बायकांना बोलवावे. आमच्या इमारतीतून तिसऱ्या कूपनलिकेची गोष्ट निघाली, तर या खेपेस माझा हात वर होणार नाही.