फादर स्टीफन्स आणि आपली ओवी

भगिनींनो, शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर वाटी रिकामी परत करू नये, ही आपली रीत. पण शेजारणीचे घर मोडून मग तिची वाटी उचलली तर? फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

ते इंग्लंडचे. जन्म १५४९ च्या सुमाराचा. जेझुइट संघात शिरून १५७९ साली गोव्यास आले आणि मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, इकडेच राहिले. त्यातली बहुतेक साष्टीत. राज्य पोर्तुगीजांचे. साष्टीतील देवळे १५६७ मध्येच पाडली गेली होती. आमची कुलदेवता शांतादुर्गा मूळची केळशीची, तिला भक्तांनी फोंड्याकडे कवळ्यास नेले, ती त्याच छळामुळे. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारले, एवढा संताप होता.

बाटलेल्या लोकांची जुनी पुराणे गेली, नवे वाचायला काही नाही. त्यांच्यासाठी या परक्या माणसाने मराठी शिकून अकरा हजारांच्या आसपास ओव्या रचल्या. तेच ख्रिस्तपुराण, १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेले. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. मराठीची थोरवी तर अशी गायिली आहे की फुलांत जशी मोगरी! कोकणी भाषेचे व्याकरणही त्यांनी लिहिले. ते १६४० मध्ये, त्यांच्या मागे, छापले गेले. १६१९ साली ते वारले.

हेतू धर्मप्रसाराचा होता, तो मी झाकणार नाही. देवळे पाडणाऱ्यांच्याच आश्रयाने ते राहिले, हेही मला खुपते. पण ओवी कोणाची, हे त्यांनी लपविले नाही आणि तिची चेष्टा केली नाही. याच गोव्यात पुढे १६८४ मध्ये तिथली भाषा बंद करण्याचा सरकारी हुकूम निघाला, तेव्हा फरक ध्यानात येतो.

इथल्या लिपीचे खिळे पाडून द्यावेत, अशी त्यांनी १६०८ मध्ये वरिष्ठांना पत्राने विनंती केली होती. ते झाले नाही. पुराण रोमन अक्षरांत छापले गेले. देवनागरीत ते १९५६ साली पुण्यास शांताराम बंडेलू यांनी काढले.

वाचनालयातून आणून मी काही ओव्या सासूबाईंना वाचून दाखविल्या, कोणाच्या ते न सांगता. त्या जात्यावरच्या लयीत मान डोलावू लागल्या. येशूचे नाव आले तशा थांबल्या, माझ्याकडे पाहिले, आणि मग म्हणाल्या की, वाच पुढे.