पेटीवादक गोविंदराव टेंबे

(द्वितीय वर्ष, कला)

'मानापमान' नाटकाचे नाव काढले की आमच्या प्राध्यापक मंडळींचे डोळे चमकतात. बालगंधर्व, त्यांची भामिनी, ती पदे! परंतु त्या पदांना चाली देणारा मनुष्य मूळचा पेटीवादक होता, आणि पेटी त्याला कोणी समोर बसवून शिकविली नव्हती, हे मला ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकामुळे कळले. 'माझा संगीत व्यासंग' हे गोविंद सदाशिव टेंबे यांचे १९३९ सालचे पुस्तक मी घरी नेले ते केवळ नावावरून. परत करण्याची तारीख दोनदा वाढवून घ्यावी लागली.

याला कारण होते. आमच्या मोऱ्याला भाऊच्या धक्क्यावरून लाँच येते, मासळी येते, गणपतीत चाकरमानी येतात. पण गाणेबजावणे शिकविणारा कोणी आल्याचे मला तरी आठवत नाही. भजनी मंडळाची एक पेटी आहे. ती वाजविणाऱ्या काकांचे बोट पाहून मी चार अभंगांच्या चाली उचलल्या. माझ्या एका मित्राने होडीवरच्या मजुरीतून जुनी गिटार विकत घेतली, ती त्याच्याकडे महिनाभर नुसती भिंतीला टांगलेली होती. शिकवणार कोण? आमच्या घरात कॉलेजात येणारा मी पहिला, तेव्हा गुरूकडे शिकायला ठेवणे वगैरे गोष्टी आम्हाला कादंबरीतल्याच वाटतात. म्हणून ज्याने गुरूवाचून वाद्य हाती घेतले तो पुढे कोठवर गेला, आणि कसा, हे मला पाहायचे होते.

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावी झाला. वाढले ते कोल्हापुरात, आणि हे त्यांचे मोठे भाग्य म्हटले पाहिजे. शाहू छत्रपतींचा काळ. १८९५ पासून अल्लादियाखाँ दरबारी गायक म्हणून तेथे राहत होते. १८८३ साली निघालेला देवल क्लब होता, तेथे गाण्याच्या बैठकी होत. म्हणजे ज्याला कान आहेत त्याला ऐकण्याची वाण नव्हती.

पेटीची स्थिती मात्र निराळी. हार्मोनियमचे पेटंट घेतले गेले पॅरिसमध्ये, १८४२ साली. मांडीपुढे घेऊन एका हाताने भाता मारावयाची पेटी पुढे कलकत्त्यात तयार झाली. गोविंदराव मुलगा होते तेव्हा हे वाद्य आपल्याकडे इतके नवे होते की त्याचे घराणे नव्हते, परंपरा नव्हती. सतारियाचा मुलगा सतारियाकडून शिके. पेटीवाल्याला आजोबाच नव्हता! गोविंदराव बहुतांशी आपले आपणच शिकले याचे नवल करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांच्याजवळ गुरू नव्हता तसेच त्यांना चुकीचे म्हणणारेही कोणी नव्हते.

आता या वाद्याची खोड सांगतो, कारण त्यांची सगळी कमाई त्या खोडीभोवती आहे. पेटीत सप्तकाचे बारा सूर पक्के बांधलेले असतात. गायकाचा गळा षड्जावरून गंधारावर घसरत जातो, मधली वाट ऐकू येते. तिला मींड म्हणतात. सतारीची तार ओढून ती निघते, गिटारची तारही पडद्यावर बोटाने ओढता येते. पेटीची पट्टी एकतर दाबलेली असते किंवा सुटलेली, मधले काही नाही. आमच्या भजनात टाळांच्या गजरात हे खपून जाते. परंतु संथ ख्यालाच्या मागे पेटी धरली तर प्रत्येक सूर पायरीवरून उडी मारल्यासारखा वाजतो.

गोविंदरावांनी यावर काढलेला मार्ग मला फार विचार करण्याजोगा वाटतो. दुसऱ्या पेटीवाल्याच्या बोटांकडे न पाहता ते गवयांकडे वळले. भास्करबुवा बखले (१८६९ ते १९२२) हे त्यांचे दैवत. बुवा फैजमहंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ अशा तीन थोर उस्तादांकडे शिकलेले. त्यांच्या गाण्यात तीन घराण्यांचे पाणी होते. गोविंदराव त्यांच्या साथीला बसू लागले आणि त्यांनाच गुरू मानू लागले. पेटीचा गुरू गवई! साथीदाराचे काम फार अवघड असते. गायक पुढे काय घेणार हे त्यालाही ठाऊक नसते. साथीदाराने ते कानांनी झेलून तत्क्षणी बोटांत आणावयाचे, तेही त्याच्या पायात न येता. अशा शेकडो बैठकींत बसणाऱ्याला निराळा रियाज तो काय लागणार? पट्टी कधी सोडावी, पुढची किती हलकी दाबावी, भात्याचा वारा कोठे आवरावा, या सगळ्यांतून कानाला मींडेचा भास होतो. सूर तेच बारा, पण त्यांमधली फट बुजते. त्यांची पेटी गायकी अंगाची म्हणून नावाजली ती यामुळे. सुटी पेटी, म्हणजे साथीवाचूनची स्वतंत्र मैफल, त्यांनी प्रतिष्ठेला नेली.

हे वाचल्यावर मी एक प्रयोग केला. अभंगाची ओळ आधी गुणगुणायची, श्वास कोठे घेतला ते पाहायचे, आणि भाता त्याच ठिकाणी सैल सोडायचा. काका म्हणाले, "आता जरा बरं वाटतं रे ऐकायला." मित्रालाही मी तेच सांगितले, तो हल्ली गिटारवर कोळीगीतांची चाल गळ्यातून बोटांत आणतो आहे. वेळ लागतो.

ऐकण्याचा हा साठा १९११ साली कामी आला. १२ मार्च रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आणले. त्यापूर्वीच्या संगीत नाटकांत साकी, दिंडी, कीर्तनातल्या व कर्नाटकी वळणाच्या चाली असत. गोविंदरावांनी ठुमरी, दादरा, कजरी, गझल अशा उत्तरेकडच्या गानप्रकारांवर चाली बेतल्या आणि मराठी नाट्यपदाचे वळणच बदलून गेले. त्यांचे वय तेव्हा तीस वर्षांचेही पुरते नव्हते. जे मैफलीतल्या मोजक्या रसिकांचे होते ते नाटकाच्या पिटात बसणाऱ्याच्या तोंडी गेले. माझ्या दृष्टीने ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी होय.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९१३ साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळीचे ते एक मालक झाले. नंतर तेथून बाहेर पडून त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट निघाला, त्यात हरिश्चंद्र ते आणि तारामती दुर्गा खोटे; संगीतही त्यांचेच. नाटकवाल्यांच्या भागीदाऱ्यांची हकिकत ज्यांना आवडते त्यांनी ती अवश्य वाचावी, मला पेटीकडे परत यावयाचे आहे.

कारण १९४० साली रेडिओने पेटीला दार बंद केले. हे वाद्य परदेशी, त्याचे सूर ठोकळ्यासारखे, श्रुती त्यात बसत नाहीत, आपल्या गायकांचा कान ते बिघडविते, असा आक्षेप होता. रवींद्रनाथांनाही पेटी रुचत नसे. आक्षेप अगदीच खोटा नाही. पट्टी दाबून पाहणाऱ्या कोणालाही त्यातले तथ्य कळेल. पण या खोडीवर चाळीस वर्षे मेहनत करून जो मनुष्य उभा राहिला होता त्याच्या वाद्यालाच जागा नाही, हे मला अन्यायाचे वाटते. वाद्याची परीक्षा करताना वाजविणाऱ्याला वगळून कसे चालेल?

गोविंदराव मात्र लिहीत राहिले. अल्लादियाखाँचे चरित्र त्यांनी लिहिले, ज्यांचे गाणे कोल्हापुरात कानी पडत ते लहानाचे मोठे झाले होते. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. रेडिओवरील पेटीची बंदी सैल झाली ती १९७१ साली. त्यांना जाऊन तेव्हा सोळा वर्षे होत आली होती.