रहस्यकथेतून सत्याकडे : डोरोथी सेयर्स यांचे जीवन

खून, चोरी आणि गुन्ह्यांचा तपास यांच्या गोष्टी ख्रिस्ती माणसाने विरंगुळ्यासाठी वाचाव्यात काय, असा प्रश्न आपल्या कुटुंबांतून अधूनमधून निघतो. त्याचे उत्तर वादाने देण्यापेक्षा एका लेखिकेच्या चरित्राने द्यावे असे वाटते. इंग्रजी रहस्यकथेच्या सुवर्णकाळातील अग्रगण्य लेखिका आणि त्याच वेळी प्रखर ख्रिस्ती विचारवंत अशी डोरोथी सेयर्स यांची ख्याती आहे.

त्यांचा जन्म १३ जून १८९३ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील रेव्ह. हेन्री सेयर्स हे अँग्लिकन धर्मगुरू असून तेथील कॅथीड्रलच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. डोरोथी चार वर्षांच्या असताना वडिलांकडे पूर्व इंग्लंडमधील ब्लंटिशम या खेड्यातील मंडळीची जबाबदारी आली. त्या सखल, पाणथळ प्रदेशात वडिलांकडून लॅटिनचे धडे घेत त्या वाढल्या. १९१२ साली शिष्यवृत्ती मिळवून त्या ऑक्सफर्डच्या समरव्हिल महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १९१५ साली आधुनिक भाषांच्या परीक्षेत प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्या. ते विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना पदवी देत नसे. १९२० साली हे दार उघडले, तेव्हा पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांचा समावेश होता.

१९२२ पासून लंडनमधील एका जाहिरात संस्थेत नोकरी करीत असताना त्यांनी लेखन चालू ठेवले. १९२३ साली 'हूज बॉडी?' ही पहिली रहस्यकादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक लॉर्ड पीटर विम्झी हा सरदार घराण्यातील, बोलघेवडा आणि वरवर पाहता चैनी गृहस्थ. पण पहिल्या महायुद्धाचा घाव त्याच्या मनावर खोल झालेला आहे. गुन्हेगार सापडला की त्याला आनंद होत नाही, कारण आपल्या बुद्धीमुळे एक माणूस फासावर जाणार आहे याची जाणीव त्याला छळते. ज्या काळात प्रेत हे केवळ कोड्याचे निमित्त मानले जाई, त्या काळात या लेखिकेने मेलेल्यालाही माणूस मानले आणि मारणाऱ्यालाही.

त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातही एक गुपित होते. जानेवारी १९२४ मध्ये, अविवाहित असताना, त्यांना मुलगा झाला. आईवडिलांना त्यांनी हे अखेरपर्यंत कळू दिले नाही. मुलाला एका मावसबहिणीकडे वाढविण्यास ठेवून त्याच्या पालनपोषणाचा खर्च त्या देत राहिल्या. १९२६ साली त्यांनी पत्रकार ॲथर्टन फ्लेमिंग यांच्याशी विवाह केला, तरी मुलगा त्यांच्या घरी राहावयास कधी आला नाही. ही हकीकत त्यांच्या मृत्यूनंतर, १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रातून जगाला कळली. इतरांची गुपिते उकलणाऱ्या कथा लिहिताना हे ओझे त्या मुकाट्याने वाहत होत्या. त्यांच्या कथांतील दोषी माणसाविषयीची कणव वाचताना याचे स्मरण ठेवावे.

रहस्यकथेची पाळेमुळे त्यांनी थेट प्राचीन वाङ्मयात शोधली. १९२८ साली संपादित केलेल्या निवडक कथांच्या संग्रहात त्यांनी बेल आणि सुसान्ना यांच्या कथा घेतल्या. या कथा कॅथॉलिक पवित्र शास्त्रात दानीएलाच्या ग्रंथात आहेत. प्रॉटेस्टंट परंपरा त्यांना अपोक्रिफात ठेवते. मंदिराच्या जमिनीवर राख पसरून दानीएल पुजाऱ्यांच्या पावलांचे ठसे दाखवितो. सुसान्नेवर आळ घेणाऱ्या दोन वडिलांना तो वेगवेगळे विचारतो की, ती कोणत्या झाडाखाली दिसली. दोघे दोन झाडे सांगतात आणि निष्पाप स्त्रीचा प्राण वाचतो. पुराव्याची बारकाईने छाननी करून निर्दोष्याला सोडविणे हे काम एवढे जुने आहे. खऱ्या गुन्ह्यांकडेही सेयर्स याच दृष्टीने पाहत. १९३१ साली लिव्हरपूल येथे ज्युलिया वॉलेस यांचा खून झाला. पतीला झालेली फाशीची शिक्षा अपिलात रद्द झाली. त्या प्रकरणाची त्यांनी केलेली साक्षेपी चिकित्सा १९३६ साली एका संग्रहात प्रसिद्ध झाली.

१९३७ नंतर त्यांची लेखणी मुख्यतः धार्मिक नाटकांकडे आणि ईशज्ञानाकडे वळली. डिसेंबर १९४१ ते ऑक्टोबर १९४२ या काळात बी.बी.सी.ने त्यांची प्रभू येशूच्या जीवनावरील १२ नभोनाट्ये प्रसारित केली. त्यांतील शिष्य, जकातदार आणि शिपाई हे बाजारातील इंग्रजी बोलत. प्रभूला नटाचा आवाज दिला, शास्त्राची भाषा भ्रष्ट केली, म्हणून काही धार्मिक संस्थांनी मोठा गहजब केला आणि प्रश्न पार्लमेंटपर्यंत गेला. सेयर्स डगमगल्या नाहीत. शुभवर्तमानातील घटना खरोखर घडल्या, खऱ्या माणसांच्या समोर घडल्या, हे श्रोत्यांना जाणवावे एवढाच त्यांचा हेतू होता. भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्या आम्हा लोकांना हा वाद चांगला परिचयाचा आहे.

१९४३ साली कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांनी देऊ केलेली ईशज्ञानातील डॉक्टरेट त्यांनी नाकारली. आपल्या गुपितामुळे मंडळीला बोल लागू नये, हेही त्यामागचे एक कारण असावे असे काही चरित्रकारांना वाटते. पुढील वर्षी हवाई हल्ल्याच्या वेळी आश्रयाला जाताना त्यांनी दान्तेचे महाकाव्य हाती घेतले, आणि उरलेले आयुष्य त्याच्या भाषांतराला वाहिले. 'नरक' १९४९ साली व 'शुद्धिस्थान' १९५५ साली प्रसिद्ध झाले. १७ डिसेंबर १९५७ रोजी, नाताळची खरेदी करून विदम येथील घरी परतल्यावर, त्यांना अकस्मात मृत्यू आला. 'स्वर्ग' हा अपुरा भाग बार्बरा रेनल्ड्स यांनी पूर्ण केला. तो १९६२ साली निघाला.

ज्यांना सुट्टीत त्यांची पुस्तके वाचावयाची असतील त्यांनी 'द नाइन टेलर्स' (१९३४) या कादंबरीपासून आरंभ करावा. पाणथळ प्रदेशातील एक जुने चर्च, त्याच्या घंटा, भोळाभाबडा धर्मगुरू आणि परक्याच्या कबरीत सापडलेले अनोळखी प्रेत असा तिचा विषय आहे. पूर येतो तेव्हा सारा गाव त्याच चर्चमध्ये आसरा घेतो. त्यानंतर 'गॉडी नाइट' (१९३५) वाचावी. हिच्यात खून नाहीच. विद्वत्तेतील प्रामाणिकपणासाठी किती किंमत मोजावी, हा प्रश्न आहे. हलकेफुलके हवे असेल तर जाहिरातीच्या जगावरील 'मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइझ' (१९३३) आहेच.

इतर लेखकांच्या रहस्यकथा निवडतानाही हीच कसोटी लावावी. रक्ताची चटक लावणारे पुस्तक खुशाल बाजूला ठेवावे. पण ज्या पुस्तकात एका अनोळखी मृताला न्याय मिळावा म्हणून कोणी झोप सोडून सत्य शोधतो, ते पुस्तक ख्रिस्ती घरात संकोचाने लपवून वाचण्याचे कारण नाही.