संगीतसूर्य केशवराव भोसले

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही तुळजापूरला गोंधळ पाहिला असेल. संबळ वाजू लागला की रस्त्याने जाणारा माणूसही क्षणभर थांबतो. गाणे आणि गोष्ट यांची आवड आपल्या धाराशिव जिल्ह्याला फार पूर्वीपासून आहे. २०१७ साली आपले शहर उस्मानाबाद या नावाने ओळखले जात होते. त्या वर्षी अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन येथेच भरले. नाटक करणे हा ज्यांचा व्यवसाय आहे असे कितीतरी कलावंत त्या वेळी आपल्या शहरात आले होते.

नाटकाचा व्यवसाय म्हणजे काय, आणि त्याचा गावाला काय उपयोग होतो? हे समजून घ्यायचे असेल तर कोल्हापूरच्या एका नटाचे चरित्र वाचा. त्यांचे नाव केशवराव भोसले.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. लहानपणीच त्यांचे वडील वारले. घरात गरिबी होती. ज्या वयात मुले पाटी-दप्तर घेऊन शाळेत जातात, त्या वयात केशव 'स्वदेशहितचिंतक' या नाटक मंडळीत दाखल झाला. त्या काळी स्त्रियांची कामे पुरुषच करत असत. केशवचा आवाज गोड आणि उंच होता. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'शारदा' नाटकात तो शारदेचे काम करू लागला. एका लहान मुलीचे म्हाताऱ्याशी लग्न लावण्याचा बेत होतो, अशी या नाटकाची गोष्ट आहे. तिचे दुःख केशव आपल्या गाण्यातून असे मांडत असे की प्रेक्षकांचे डोळे भरून येत. पैशासाठी मुलीचे लग्न लावू नये, ही गोष्ट लोकांना नाटकामुळे मनापासून पटत असे.

१९०८ साली केशवरावांनी हुबळी येथे स्वतःची नाटक कंपनी काढली. तिचे नाव 'ललितकलादर्श'. तेव्हा ते अवघे सतरा वर्षांचे होते. नाटक कंपनी चालवणे सोपे नव्हते. कंपनीत नट असत, तबला, सारंगी आणि पेटी वाजवणारे असत. त्यांच्याबरोबर शिंपी, पडदे ओढणारे आणि स्वयंपाकीही असत. या सर्वांचे पोट तिकिटांच्या पैशावर चालत असे. खेळ चांगला झाला नाही तर दुसऱ्या दिवशी लोक येत नसत. म्हणून केशवराव सतत मेहनत करत. त्यांनी रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून गाण्याचे शिक्षण घेतले. त्यांच्या कंपनीने हुंड्याच्या चालीवर टीका करणारे मामा वरेरकर यांचे 'हाच मुलाचा बाप' हे नाटकही रंगभूमीवर आणले.

त्या काळात कोल्हापूरचे राजे शाहू महाराज होते. कुस्ती आणि नाटक या दोन्ही गोष्टी सामान्य लोकांना मिळाल्या पाहिजेत, असे त्यांना वाटे. त्यांनी खासबाग कुस्ती मैदानाला लागूनच एक मोठे नाट्यगृह बांधले. १९१५ साली ते सुरू झाले. त्याचे नाव पॅलेस थिएटर. नाटकामुळे कोल्हापुरात अनेक कारागिरांना काम मिळाले. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भाऊ नाटकांचे सुंदर पडदे रंगवत असत. पुढे याच बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात चित्रपट काढले. अशा रीतीने एका कलेच्या आधाराने दुसरी कला वाढली.

केशवरावांचे एक काम महाराष्ट्र कधीच विसरणार नाही. १९२१ साली महात्मा गांधी देशासाठी टिळक स्वराज्य फंड जमा करत होते. त्या वेळी दोन नाटक कंपन्या फार प्रसिद्ध होत्या. एक केशवरावांची आणि दुसरी बालगंधर्वांची. दोघांत चुरस होती. कोण मोठा, यावरून प्रेक्षकांत वाद होत. तरीही दोघांनी एकत्र येऊन 'मानापमान' हे नाटक करायचे ठरवले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये हा प्रयोग झाला. खुर्शेदजी बालीवाला हे मोठे पारशी नट होते. उर्दू नाटके करणारी त्यांची कंपनी देशभर गाजली होती. त्यांच्या नावाच्या थिएटरात त्या दिवशी मराठी नाटक रंगले. केशवराव धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी झाले. या प्रयोगाचे उत्पन्न देशकार्याला देण्यात आले. तिकिटे विकून पोट भरणाऱ्या नटांनी आपली कमाई देशाला दिली. ज्याच्या हातात कसब असते, त्याच्याजवळ देण्यासारखेही काही असते.

यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवरावांचे निधन झाले. तेव्हा ते केवळ एकतीस वर्षांचे होते. पण त्यांची कंपनी बंद पडली नाही. बापूराव पेंढारकर आणि नंतर त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी ती पुढे चालवली. कोल्हापूरकरांनीही आपल्या नटाची आठवण जपली. पॅलेस थिएटरला पुढे केशवराव भोसले नाट्यगृह असे नाव देण्यात आले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला भीषण आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जळालेली इमारत पाहून नट रडले, तसे सामान्य लोकही रडले. आपल्याच घराला आग लागली, असे त्यांना वाटले. नाट्यगृह पूर्वीसारखे उभे राहावे, अशी मागणी सर्वांनी केली आणि शासनानेही ते पुन्हा बांधण्याचा निर्णय घेतला.

मुलांनो, दगड-विटांच्या इमारतीसाठी कोणी असे रडत नाही. त्या जागी आजोबांनी नाटक पाहिलेले असते, वडिलांनी पाहिलेले असते. तेथे श्रीमंत आणि गरीब, हिंदू आणि मुसलमान एकाच छताखाली बसून हसलेले असतात. तुमच्या गावात नाटक आले तर तिकीट काढून जरूर पाहा. त्या तिकिटावर कितीतरी कलावंतांची चूल पेटते आणि आपले गाव एकत्र बसायला शिकते.